मध्यावर की वाटेवर: एका उपकेंद्राच्या जागेचं प्रकरण

बालाघाटाच्या डोंगरात, बीड जिल्ह्याच्या पाटोदा-शिरूर कासारकडच्या अंगाला, एका नव्या आरोग्य उपकेंद्राची जागा ठरवायची आहे. टेबलावर दोन ग्रामपंचायतींचे ठराव आहेत. दोन्हींवर गोल शिक्का, दोन्हींत ‘सदर उपकेंद्र आमचे गावी व्हावे’, आणि दोघांनीही जागा फुकट देऊ केलेली. खात्यात चार वर्षं काढलेल्या माणसाला हा कागद वाचायचीही गरज पडत नाही.

नव्या वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात मी हेच प्रकरण फळ्यावर मांडतो. ते रचलेलं आहे. गावांना नावं दिलेली नाहीत, आणि लोकसंख्या व अंतरं हिशेब तोंडी जमावा म्हणून गोल घेतली आहेत, तेव्हा हा पट्टा नकाशात शोधत बसू नका. ओढे, बाजार, तांडे, ऊसतोड आणि ठराव मात्र या भागात कुठंही भेटतात तसेच आहेत.

पट्ट्यात सहा वस्त्या. थोरलं गाव, २२०० लोकांचं. बाजारगाव, १५०० लोकांचं, डांबरी रस्त्यावर. एसटी थांबते, सोमवारी आठवडी बाजार भरतो. एक वाडी, ७०० जणांची. डोंगराच्या बाजूला दोन लमाण तांडे, पहिला ६०० आणि दुसरा ४०० माणसांचा. शिवाय बाजारगावच्या गायरानावर पारध्यांची शंभरेक माणसांची वस्ती. एकूण ५५००.

सपाटीवर ५००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, डोंगरी, आदिवासी किंवा दुर्गम भागात ३००० मागे एक, हा निकष सगळ्यांना पाठ असतो. त्याच चालीत प्राथमिक आरोग्य केंद्राला ३०,००० आणि २०,०००. आपला पट्टा डोंगरात असला तरी कागदावर डोंगरी धरलेला नाही, म्हणून उपकेंद्र एकच मिळणार. यावर वर्गात दरवेळी अर्धा तास वाद होतो आणि तो रास्त आहे. पण नव्या आरोग्य संस्थांच्या बृहत् आराखड्यात एकच नाव बसलं असेल तर आजचा प्रश्न एकाच जागेचा.

पहिला हिशेब सगळे एकाच पद्धतीनं करतात. २०११ च्या जनगणनेची यादी उघडायची, कारण २०२१ ची लांबणीवर पडली आणि हाताशी तीच आहे. त्या यादीत या पट्ट्याची गावं किती? दोन. जनगणना महसुली गाव मोजते. वाडी आणि दोन्ही तांडे थोरल्या गावच्या शिवारात, म्हणून त्यांची माणसं थोरल्या गावच्या आकड्यात मिसळलेली. पारधी वस्ती बाजारगावच्या आकड्यात. यादी सांगते, थोरलं गाव ३९००, बाजारगाव १६००, मधलं अंतर ४ किलोमीटर.

आता प्रत्येक माणसानं उपकेंद्रापर्यंत एक खेप चालायची धरून किलोमीटरांची बेरीज करा. उपकेंद्र थोरल्या गावात ठेवलं तर फक्त बाजारगावच्यांना चालावं लागेल: १६०० गुणिले ४, म्हणजे ६४००. बाजारगावात ठेवलं तर ३९०० गुणिले ४, म्हणजे १५,६००. निकाल इतका एकतर्फी की पुढं बोलायलाच नको. थोरल्या गावच्या सरपंचांना हे गणित न मांडताही ठाऊक असतं.

एकूण चाल सगळ्यात कमी पडेल अशी जागा निवडायची, ही रीत गणितात १९६४ पासून नीट मांडलेली आहे. हकिमी यांनी ती मांडली तेव्हा प्रश्न टेलिफोनच्या जाळ्यातल्या केंद्रांचाही होता. रीतीत खोट नाही. आपण तिला दोन ठिपक्यांचा नकाशा दिला, तिनं दोन ठिपक्यांचं उत्तर दिलं.

म्हणून दुसरं काम, ठिपके वेगळे काढायचे. तांड्यांची यादी जनगणनेत सापडत नाही, पण जिल्ह्यातच दुसऱ्या कपाटात असते. वसंतराव नाईक तांडा वस्ती सुधार योजनेतून रस्ता, समाजमंदिर, पाणी असं काही झालं असेल, तर त्या फाइलीत तांड्याचं नाव आणि लोकसंख्या लिहिलेली असते. दुसरी यादी अंगणवाडीची. तिसरी, सगळ्यांत खरी, आशाताईच्या डायरीत. तिथं घर क्रमांक नसतो, ‘विहिरीजवळचं तिसरं घर’ असतं, आणि कोणत्या घरात कितवा महिना चालू आहे तेही असतं.

मग अंतरं. पट्टी ठेवून मोजलं तर दुसरा तांडा थोरल्या गावापासून ४ किलोमीटर. पायी निघालात की मधे दरा लागतो. उतरायला वाट आहे, पण लेकरू कडेवर घेऊन कुणी तिनं जात नाही; वळसा घालून पांदणीनं जातात, ७ किलोमीटर. पहिला तांडा पट्टीनं ३, पायी ५. वाडी पट्टीनं २, पायी ३, आणि पावसाळ्यात ओढ्यावरच्या नळकांडी पुलावरून पाणी गेलं की तेवढे तास अंतर मोजण्यात अर्थच नाही. पारधी वस्ती पायी ५. बाजारगावाकडून चित्र उलटं. पहिला तांडा ३, दुसरा ४, पारधी वस्ती २, वाडी ५, थोरलं गाव ४. तांड्यांची वाट बाजाराकडं उतरते, थोरल्या गावाकडं चढते. तांडे बसले तेव्हा दवाखान्याचा विचार कुणी केला नव्हता. पाणी, गुरांची चराई आणि बाजार हेच पाहिलं होतं.

पुन्हा बेरीज. उपकेंद्र थोरल्या गावात: बाजारगावचे ६०००, वाडीचे २१००, पहिल्या तांड्याचे ३०००, दुसऱ्याचे २८००, पारधी वस्तीचे ५००. एकूण १४,४००. बाजारगावात: थोरल्या गावचे ८८००, वाडीचे ३५००, तांड्यांचे १८०० आणि १६००, वस्तीचे २००. एकूण १५,९००.

थोरलं गाव अजूनही पुढं आहे. पण मघाशी ९२०० चा फरक होता, आता १५०० चा. नवा माणूस आला नाही, नवा रस्ता झाला नाही. नुसते ठिपके सुटे केले आणि पट्टी बाजूला ठेवली.

इथं एखादा हुशार अधिकारी हात वर करतो: सर, सगळ्यांची चाल सारखी कशी धरायची? थोरल्या गावात घरोघरी मोटारसायकल आहे, खासगी डॉक्टर आहे, ताप आला तर माणूस थेट तालुक्याला जातो. बाजारगावाचंही तसंच. तांड्यावरच्या बाईला यातलं काही नाही. मग या दोन मोठ्या गावांचं वजन निम्मं धरूया का? निम्मं का, पाव का नाही, याला माझ्याकडं मोजलेलं उत्तर नाही. ती निवड आहे, आणि ती निवड आहे असं अहवालात उघड लिहावं, सूत्रात लपवू नये. निम्मं धरलं तर थोरल्या गावाची बेरीज ११,४०० आणि बाजारगावाची ११,५००. म्हणजे बरोबरी. ज्यांच्यासाठी केंद्र काढायचं त्यांना जरा जास्त मोजलं की सरपंचांचा बिनतोड मुद्दा संपतो.

आणखी एक माप लावता येतं: सगळ्यांत लांबच्या माणसाला किती चालावं लागतं? थोरल्या गावात केंद्र असेल तर ७ किलोमीटर, बाजारगावात ५. किंवा असं विचारा, की ठरावीक अंतराच्या आत किती लोक येतात. ही रीत चर्च आणि रेव्हेल यांनी १९७४ मध्ये मांडली, आणि सरकारी आराखड्यांना ती फार आवडते, कारण तिच्यातून टक्केवारी निघते. ४ किलोमीटरची रेघ धरली तर थोरल्या गावाहून ४४०० लोक आत येतात, म्हणजे ८० टक्के. बाजारगावाहून ४८००, ८७ टक्के. रेघ ३ किलोमीटरवर ओढा: थोरल्या गावाहून २९००, बाजारगावाहून २२००. निकाल फिरला. कोणती रेघ ओढायची हे ठरवणारा माणूसच जागा ठरवतो, आणि पुष्कळदा ते त्याच्या लक्षातही येत नाही. अर्ध्या तासाच्या पायी अंतराची भाषा आपल्याकडं बोलली जाते. अर्ध्या तासात धडधाकट माणूस अडीच किलोमीटर जातो. नवव्या महिन्यातली बाई किती जाते ते मोजून पाहावं.

पाहणी कोणत्या महिन्यात केली

हा भाग मी वर्गात मुद्दाम मागं ठेवतो, कारण तोपर्यंत सगळ्यांची मतं बनलेली असतात.

दिवाळीच्या मागं-पुढं तांडे रिकामे होतात. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशा कोयत्यांच्या टोळ्या ऊस तोडायला ट्रक-ट्रॅक्टरनं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. साखर कारखान्यांचा हंगाम संपेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, मागं राहतात म्हातारी माणसं, शाळेतली काही पोरं आणि शेरडं. वाडीतूनही निम्मी घरं जातात.

आपली पाहणी जानेवारीत झाली असं समजा. खात्यात पाहण्या बहुधा हिवाळ्यातच होतात. हवा बरी असते आणि मार्चपूर्वी निधी खर्च दाखवायचा असतो. पहिल्या तांड्यावर २०० माणसं भेटली, दुसऱ्यावर १००, वाडीत ३५०. या आकड्यांवर बेरीज केली तर थोरल्या गावाची ९२५० आणि बाजारगावाची ११,७५०. दरी पुन्हा रुंद. कुणी खोटं लिहिलेलं नाही. घरोघर जाऊन मोजलं, कुलपं दिसली, ‘घर बंद’ अशी नोंद केली.

ज्यांची घरं बंद होती त्यांच्याबद्दल थोडं. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या शासकीय समितीच्या काळात जिल्ह्यात जी पाहणी झाली तिच्यात ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. सहा जणींमागं एकीहून जास्त. त्यावर चर्चा झाली ती बहुतेक खासगी रुग्णालयांची आणि खाडा झाल्यावर कापल्या जाणाऱ्या पैशांची. मला त्यात जागेचाही प्रश्न दिसतो. अंगावरून जातंय, ओटीपोट दुखतंय, अशी साधी तक्रार घेऊन बाई पहिल्यांदा कुठं जाते? जिथं सहज पोचता येतं तिथं. ती पहिली पायरी सात किलोमीटरवर चढणीला असेल, तर ती ओलांडून बाई थेट तालुक्याच्या मोठ्या दारात उभी राहते, आणि तिथं तिला काय सांगितलं जातं हे मग आपल्या हातात राहत नाही.

मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांचा प्रश्न वेगळाच. उपकेंद्रात आता समुदाय आरोग्य अधिकारी असतो. २०१८ पासूनची ही ‘आरोग्यवर्धिनी’ केंद्रं, २०२३ च्या अखेरीस त्यांच्या पाट्या ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ झाल्या. तिशी ओलांडलेल्यांची बीपी-शुगर तपासणी आणि दरमहा गोळ्या हे तिथलं रोजचं काम. गोळ्या दरमहा, म्हणजे वर्षाला बारा खेपा. दुसऱ्या तांड्यावरच्या म्हाताऱ्याला थोरल्या गावी जाऊन-येऊन १४ किलोमीटर, बारा वेळा, १६८ किलोमीटर. बाजारगावला ९६. शहाण्णवही थोडे नाहीत, पण त्या वाटेवर सोमवारी ॲपे रिक्षा असते.

सोमवारची गोष्ट

या भागातल्या कुठल्याही आठवडी बाजारात मेडिकलच्या काउंटरपाशी अर्धा तास उभं राहा. तांड्यावरची एक म्हातारी येईल. पिशवीत मीठ, तेलाची बाटली, कागदात गुंडाळलेलं सुकट. पदराच्या गाठीतून ती गोळ्यांची रिकामी पट्टी काढते आणि काउंटरवर ठेवते. नाव सांगायचं नसतं, पट्टीच दाखवायची. दुकानदार पट्टी उलटी करून वाचतो आणि तिच्या हातातल्या नोटेकडं बघून दहाच गोळ्या कापून देतो. पुढच्या सोमवारी पैसे असले तर पुन्हा दहा.

“मावशी, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतेत की या.”

“मिळतेत. पण तिकडं जायचं म्हणलं की दिवस जातोय. बाजारला तर यावंच लागतंय.”

या ‘यावंच लागतंय’चं गणित वरच्या कुठल्याही बेरजेत नाही. आपण प्रत्येक खेप दवाखान्यासाठीच आहे असं धरलं होतं. प्रत्यक्षात माणूस एका खेपेत चार कामं उरकतो: दळण, बाजार, बँक, रेशन, जमलं तर दवाखाना. सोमवारी तांड्यावरनं बाजारगावला आलेल्या बाईच्या दृष्टीनं उपकेंद्राचं वेगळं अंतर शून्य. थोरल्या गावाला तिची दुसरी कुठलीच खेप पडत नाही. म्हणून माझं मत बाजारगावाच्या बाजूनं आहे, आणि ते हिशेबाच्या काठावरनं नाही, या एका वाक्यावरनं आहे. मध्यावरची जागा नकाशाला सोयीची, माणसाला वाटेवरची.

यात एक मेख आहे. बाजारगावात इमारत उभी राहिली आणि सोमवारी तिला कुलूप असलं तर सगळा खटाटोप पाण्यात. आणि असं सहज होतं. आरोग्यसेविकेचा दौरा, तालुक्याची आढावा बैठक, लसीकरणाचं सत्र, यातलं काही ना काही सोमवारी टाकलेलं असतंच. वेळापत्रक करणाऱ्याला बाजाराचा वार माहीत नसतो. जागेच्या प्रस्तावात मी म्हणून एक ओळ घालायला लावतो: सोमवारी केंद्र उघडं राहील, त्या दिवशी ना बैठक, ना दौरा. जागेच्या प्रस्तावात वार कशाला, असं वरून विचारलं जातं. विचारू द्यावं.

जमीन

ठरावातली फुकट जागा प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय बोलू नये. थोरल्या गावानं देऊ केलेलं गायरान ओढ्यापलीकडं, स्मशानभूमीला लागून आहे. गावाला जी जागा नको असते तीच दवाखान्याला मिळते. मराठवाड्यात अशी उपकेंद्रं पुष्कळ दिसतील, भोवती बाभळी आणि आत शेळ्या. संध्याकाळी एकटी आरोग्यसेविका तिथं थांबणार नाही, आणि ‘मुख्यालयी राहत नाही’ असा शेरा मात्र तिच्यावर मारला जाईल. बाजारगावची जागा बाजारतळाच्या मागं, एका शेतकऱ्याची चार गुंठे. चांगली आहे, पण सातबाऱ्यावर आणखी तीन सहहिस्सेदार आहेत. सगळ्यांच्या सह्या घेऊन बक्षीसपत्र नोंदवून घेतलं नाही, तर भिंती वर आल्यावर पुतण्या कोर्टात जातो. पाण्याचंही पाहायचं: बाजारतळाच्या बोअरला एप्रिलमध्ये पाणी असतं का? प्रसूती कक्ष टँकरवर चालत नाही.

एक गोष्ट ठरावात कधीच नसते. केंद्र गावाच्या कोणत्या बाजूला आहे आणि तिथं पोचायला कुणाच्या दारावरून जावं लागतं, यावर पारधी वस्तीतली बाई आत येणार की नाही हे ठरतं. बाजारतळ सगळ्यांचा असतो. तिथं उभं राहायला कुणाची परवानगी लागत नाही.

उरलेली माणसं

जागा बाजारगावात दिली तर नुकसान वाडीचं होतं. तिचे ३ किलोमीटर ५ होतात. ७०० माणसं, आणि त्यांचा काही दोष नाही. थोरलं गाव नाराज होईल, पण त्याच्याकडं मोटारसायकली आहेत आणि आवाज आहे. वाडीकडं दोन्ही नाही. वाडीच्या अंगणवाडीत महिन्याला एक ऐवजी दोन सत्रं लावता येतात, आणि ओढ्याला पूर असेल त्या आठवड्यात ते सत्र रद्द न करता पुढं ढकलायचं असं लिहून ठेवता येतं. पूर्ण भरपाई होत नाही.

दुसऱ्या तांड्याचं इमारतीनं भागणारच नाही, ती कुठंही बांधा. हजार लोकसंख्येमागं एक आशा, या हिशेबात ४०० च्या तांड्याला स्वतःची आशा मिळत नाही. थोरल्या गावची आशाताई तिकडं महिन्यातून एकदा जाते, आणि तिला लमाणांची गोरमाटी बोली येत नाही. इथून जवळच्या जामखेडला आरोळे दांपत्यानं १९७० पासून जे काम उभं केलं, त्याचा गाभा गावातलीच बाई शिकवून तयार करणं हा होता, आणि त्यातल्या कितीतरी जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. दोन्ही तांडे मिळून एक हजार होतात. तांड्यातलीच बाई आशा म्हणून घ्यायची तर कागदावर अडचण नाही. अडचण अशी की निवडीच्या वेळी, म्हणजे पुन्हा हिवाळ्यात, शिकलेल्या तरुण बायका तांड्यावर नसतात. निवड मे महिन्यात ठेवावी लागेल.

टोळ्या परतल्या की पहिल्या पंधरवड्यात दोन्ही तांड्यांवर एक शिबिर हवं: बुडालेले डोस, गरोदर बायकांची नोंद, हिमोग्लोबिन, आणि पाळीच्या तक्रारींसाठी बाई डॉक्टर. तारीख कॅलेंडरवरून ठरवू नये. ज्या दिवशी पहिला ट्रक तांड्यावर उतरला त्या दिवशी आशाताईनं फोन करायचा.

वर्गात शेवटी मी हात वर करायला सांगतो. बाजारगावाला बहुमत मिळतं, पण गेल्या खेपेला मागच्या बाकावरच्या एका डॉक्टरबाईंनी विचारलं, की पट्टा डोंगरी धरून घेण्याचा प्रस्ताव कुणी पाठवलाय का? दोन केंद्रं झाली तर थोरलं गाव आणि बाजारगाव मिळून बेरीज ५७०० वर येते, आत्ताच्या निम्म्याहूनही कमी. मी म्हणालो, प्रकरणात ते दिलेलं नाही. त्या म्हणाल्या, मग सर, प्रकरणात घाला.